साबुदाण्यावरचं स्कीइंग

एप्रिलमध्ये स्कीइंगला चाललोय म्हटलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "आता? बर्फ असतो का अजून?" प्रश्न रास्त आहे. बे एरियात तोवर लोक टी-शर्टवर आलेले असतात, फ्रीमाँटच्या टेकड्या हिरव्यागार असतात आणि देशातून येणाऱ्या आंब्याच्या पेट्या कुठे, केवढ्याला याची व्हॉट्सॲपवर चौकशी सुरू झालेली असते. पण तिथून चार तासांवर, टाहोला, बर्फ असतो. नुसता असतो असं नाही, मला विचाराल तर नवशिक्यांसाठी वर्षातला सगळ्यात चांगला बर्फ तेव्हाच असतो. फक्त त्याला वेळेचं गणित आहे.

जानेवारीतला बर्फ आणि एप्रिलमधला बर्फ यांत फरक असतो. एप्रिलमध्ये दिवसा ऊन लागून वरचा थर वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. असं काही दिवस चाललं की मूळचे ते नाजूक, फांद्याफांद्यांचे स्फटिक मोडून त्यांचे गोल, टपोरे दाणे होतात. इथले लोक त्याला कॉर्न म्हणतात. मला त्यात मक्याचा दाणा कधीच दिसला नाही. मला दिसतो तो भिजवलेला साबुदाणा! ज्याने आयुष्यात एकदा तरी उपासाची खिचडी केली आहे त्याला पुढचं सगळं आपोआप समजेल. सकाळी आठला हा बर्फ फ्रिजमध्ये रात्रभर राहिलेल्या खिचडीसारखा असतो, एकसंध दगड. साडेदहाच्या सुमारास वरचा बोटभर थर मोकळा होतो, दाणा न दाणा सुटा. तेव्हा स्की त्यावरून अशी काही सरकते की काय सांगू. आणि दोननंतर त्याची खीर होते.

ही खीर मात्र वाईट. जड, ओली, चिकट. स्की रुतते, अंग पुढे जातं आणि या दोघांच्या मध्ये बिचारा गुडघा असतो. तोवर पायही दमलेले असतात. त्यामुळे नवीन लोकांना घेऊन जायचं तर साडेदहा ते एक हा मुहूर्त साधायचा आणि दोनला गाशा गुंडाळायचा, हे माझं मत. (जाणकार लोक उन्हाच्या मागे मागे फिरतात. आधी पूर्वेकडचे उतार, मग दक्षिणेकडचे, शेवटी पश्चिमेकडचे. पण नवशिक्यांना एकच उतार असतो, तेव्हा ते राहू दे.)

तर हे सगळं आठवायचं कारण म्हणजे २०२३ च्या एप्रिलमधला एक शनिवार. त्या हिवाळ्यात सिएरा नेवाडात बर्फाने कहर केला होता. डॉनर पासजवळ बर्कली विद्यापीठाची एक हिम-प्रयोगशाळा आहे, १९४६ पासून मोजमाप ठेवणारी. तिथे त्या मोसमात ७५४ इंच बर्फ पडला. म्हणजे १९ मीटर, सहामजली इमारत! त्यांच्या नोंदींत याच्या वर फक्त १९५१-५२ चा हिवाळा आहे, ८१२ इंचांचा.

आम्ही पाच जण. मी आणि बायको, आम्ही दोघं बरीच वर्षं जातोय, बेताचं येतं. नागपूरचा एक पोरगा, नुकताच एमएस संपवलेला, आमच्याकडे पाहुणा. आणि बापू-वहिनी. बापू हे त्याचं कॉलेजातलं नाव, खरं नाव सांगत नाही. आमच्या ग्रुपमध्ये टॅक्सपासून टायरपर्यंत काहीही विचारायचं झालं तर बापूला विचारायचं, अशी पद्धत आहे.

बापूची नोकरी मार्चमध्ये गेली होती. २०२३ च्या सुरुवातीचे ते महिने या धंद्यातल्या कोणाला नव्याने सांगायला नकोत. सकाळी लॅपटॉप उघडला, पासवर्ड चालेना, संपलं. एच-१ वरच्या माणसाला नोकरी गेली की ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवीन कंपनीने अर्ज भरला तर ठीक, नाहीतर दुसरी काहीतरी सोय किंवा सामान बांधायचं. वहिनी पुण्यात असताना टेस्टिंगमध्ये होत्या, इथे आल्यावर सात वर्षं घरी बसल्या आणि एच-४ वरचा कामाचा परवाना आल्यावर पुन्हा नोकरीला लागल्या, त्याला दीड वर्ष झालं होतं. तो परवानाही शेवटी बापूच्या एच-१ च्या खुंटीलाच टांगलेला. तो शनिवार म्हणजे साठातला एकतिसावा दिवस.

बेत वहिनींचाच. त्यांनी फोन करून सांगितलं, "भाऊजी, तो दिवसभर नुसता लिंक्डइन रिफ्रेश करत बसतो. कुठेतरी न्या आम्हाला. जिथे फोनला रेंज नसेल असं बघा." म्हटलं रेंज सगळीकडे असते, पण हातात ग्लोव्ह्ज असतात, त्यामुळे रिफ्रेश करता येत नाही. त्या म्हणाल्या, चालेल.

पहाटे पाचला निघालो. गाडीत नियम एकच, नोकरीचा विषय काढायचा नाही. आय-८० वर कोलफॅक्स सोडलं की चढ सुरू होतो आणि मला दर वेळी खंडाळ्याची आठवण येते, फक्त वर वडापाव नसतो. विषय पाहिजे म्हणून मी डॉनर पार्टीची गोष्ट काढली. १८४६ साली पूर्वेकडून कॅलिफोर्नियाला निघालेला बैलगाड्यांचा तांडा. वाटेत एका तथाकथित शॉर्टकटने वेळ गेला, इथवर पोचेपर्यंत बर्फ पडला आणि ऐंशीच्या वर माणसं हिवाळाभर अडकली. जवळपास निम्मीच वाचली, तीही काय काय खाऊन ते सगळ्यांना माहीत आहे. बापूने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे इमिग्रेशनमध्ये डेडलाइन चुकवू नये हे तेव्हापासून आहे." नियम त्यानेच मोडला. मग सगळे हसले आणि जरा हवा हलकी झाली. ७,२३९ फुटांवर समिट आलं. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती इतक्या उंच, की नागपूरचा पोरगा "बाप्पा रे!" एवढंच म्हणाला.

समिटच्या आसपास पाच-सहा रिसॉर्ट्स आहेत, त्यातल्या एका लहानशा ठिकाणी गेलो. आता एक वादग्रस्त मुद्दा. मित्रांना आपण स्वतः शिकवू नये, लेसन घ्यायला लावावा. "तुला येतं ना, मग तूच शिकव की, कशाला पैसे?" हे आपल्या लोकांत ठरलेलं वाक्य आहे. बापूनेही ते गाडीत दोनदा म्हटलं आणि त्याच्या तेव्हाच्या परिस्थितीत त्याला नाही म्हणणं जडच होतं. पण मी हटलो नाही. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवल्याची एक तरी सुखाने संपलेली गोष्ट तुम्ही ऐकली आहे का? शिवाय ज्याला बेताचं येतं त्याला आपण काय करतो हे सांगता येत नाही. तो फक्त "असं, असं कर" म्हणतो आणि निघून जातो. नवशिक्यांचं पॅकेज असतं, त्यात बूट, स्की, दोन तासांचा लेसन आणि खालच्या लिफ्टचं तिकीट, सगळं येतं. घेतलं.

बूट-स्की देण्याआधी एक फॉर्म भरतात. उंची, वजन, वय आणि तुम्ही कुठल्या प्रकारचे स्कीअर, सावध की धाडसी. ही माहिती चौकशीपुरती नसते. स्कीला बूट ज्या खटक्याने अडकतो तो किती जोर पडल्यावर सुटायचा, हे यावरून ठरवतात. म्हणजे पडलात तर स्की वेळेवर पायापासून सुटावी, पण उगाच सुटू नये. वजनाच्या रकान्यात लोक (बायकाच नव्हे, पुरुषसुद्धा) लग्नाच्या बायोडेटासारखं लिहितात आणि धाडसाच्या रकान्यात त्याहून जास्त. बापू 'धाडसी' वर खूण करत होता. वहिनींनी काही न बोलता पेन घेतलं आणि 'सावध' वर केली. ऑफिसचा विमा अजून महिनाअखेरपर्यंत होता, पण साठ दिवसांत इंटरव्ह्यू द्यायचे असताना गुडघा मोडून चालणार नव्हता.

बुटांबद्दल थोडं. स्कीचा बूट म्हणजे पायाला केलेलं प्लास्टिकचं प्लास्टर. आत एकच पातळ मोजा घालायचा. थंडी वाजेल म्हणून दोन-दोन लोकरी मोजे घालणारे तासाभरात बोटं बधिर झाली म्हणून परत येतात. नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकलेली राहिली पाहिजे, अर्धं स्कीइंग तिथेच आहे. आणि सनस्क्रीन. पोरगा म्हणाला, "आम्ही सत्तेचाळीस डिग्रीत क्रिकेट खेळतो भाऊ, मले काहून पायजे?" पण बर्फावरून अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फिरतात, ऊन खालूनही लागतं. संध्याकाळी त्याची हनुवटीची खालची बाजू आणि नाकपुड्यांच्या कडा लालभडक झाल्या होत्या. असो.

शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे, मिशीवाले. पहिली वीस मिनिटं त्यांनी फक्त पडायला आणि उठायला शिकवलं. कुल्ल्यावर, चढाच्या बाजूला, आडवं पडायचं. उठताना स्की उताराला आडव्या आणि आपल्या खाली. मग थांबायचं कसं: स्कीची टोकं जवळ, मागच्या बाजू लांब, म्हणजे पिझ्झाचा तुकडा. सुटायचं असेल तर स्की समांतर, म्हणजे फ्रेंच फ्राय. लहान मुलांना हेच शिकवतात, मोठ्यांनाही. वहिनींनी पहिल्याच फेरीत त्याचं 'समोसा' केलं आणि मग आख्ख्या वर्गाला, मिशीवाल्यांसकट, तोच शब्द पडला. :-)

मी आणि बायको वर दोन-तीन फेऱ्या मारून खाली येत होतो, तेव्हा सरकत्या पट्ट्यापाशी यांचं काय चाललंय ते दिसायचं. पोरगा रबरी बाहुल्यासारखा पडत होता, उठत होता, हसत होता. त्या वयात हाडं वेगळ्या कंपनीची असतात. वहिनी हळू, अगदी हळू, पण बाराच्या सुमारास दोन्हीकडे वळायला लागल्या. डावीकडे जायचं तर उजव्या पायावर भार द्यायचा, हे डोक्याला पटत नाही. त्यांनी ते पटवून घ्यायचा प्रयत्नच केला नव्हता, सांगितलं तसं केलं होतं.

बापूला मात्र सगळं माहीत होतं. आदल्या आठवड्यात चौदा व्हिडिओ बघून आला होता. उतारावर मागे रेललं की भार स्कीच्या शेपटीवर जातो, पुढची टोकं हलकी होतात आणि वळता येत नाही, म्हणून भीती वाटते तेव्हा नेमकं पुढे झुकायचं, हे त्याने आम्हाला गाडीत आकृती काढून सांगितलं होतं. शंभर टक्के बरोबर सांगितलं होतं. आणि प्रत्येक वेळी स्की सुटली की तो मागे रेलायचा, सरळ जायचा आणि शेवटी प्लास्टिकच्या केशरी जाळीत थांबायचा. त्याला घडत होतं ते दिसत होतं, कारण कळत होतं आणि तरीही पाय ऐकत नव्हते. तो चेहरा मी विसरलेलो नाही. गेले एकतीस दिवस तो हेच करत होता की. रेझ्युमे बरोबर, उत्तरं बरोबर, आणि जाळी.

दुपारी बाहेरच्या बाकांवर बसून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि ठेचा खाल्ला. पावणेदोन झाले. बापू म्हणाला, "मी वर येतो."

वर म्हणजे हिरव्या वर्तुळाचा उतार, सगळ्यात सोपा. तिकिटात ती लिफ्ट होती. पण मध्ये एक जरा तीव्र टप्पा आहे आणि खीर व्हायला लागली होती. मी म्हटलं, "पट्ट्यावर अजून दोन फेऱ्या मार. सांगितलेल्या जागी थांबता आलं की जाऊ." माझी परीक्षा तेवढीच असते. वळता नाही आलं तरी चालेल, पण ठरवाल तिथे थांबता आलं पाहिजे. बापू म्हणाला, "सगळं तुम्हीच ठरवा रे आता." आवाज चढवला नाही. पण त्यावर काही बोलायचीही सोय उरली नाही. मी वहिनींकडे पाहिलं. त्या हेल्मेटचा पट्टा लावत होत्या. म्हणाल्या, "जाऊ या. मीही येते."

चेअरलिफ्टवर मी त्याला चेअरलिफ्टचीच गोष्ट सांगितली, मुद्दाम. १९३६ साली आयडाहोत सन व्हॅलीला पहिली चेअरलिफ्ट झाली. ती काढणारा जेम्स करन हा युनियन पॅसिफिक रेल्वेचा इंजिनियर. त्याने आधी जहाजात केळ्यांचे घड चढवायच्या यंत्रावर काम केलं होतं, तारेला आकडे आणि आकड्याला घड. त्याने आकडे काढले आणि खुर्च्या लावल्या. बापू खाली बघत म्हणाला, "म्हणजे आपण केळी." उतरताना मात्र पठ्ठ्या पडला नाही.

तो टप्पा येईपर्यंत ठीक गेलं. टप्प्याच्या तोंडाशी तो थांबला, म्हणजे बसला. खालून बघितलं तर दुमजली जिन्याएवढं काहीतरी आहे, पण वरून डोळ्यांना कडा दिसतो. ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोने माझ्या पाठीत काठी टोचली.

वहिनी त्याच्या खाली, पाच-सहा हातांवर, आडव्या उभ्या राहिल्या. त्यांचेही पाय थरथरत होते, दिसत होतं.

"उठ. खाली बघू नकोस. माझ्या स्कीकडे बघ. इथपर्यंत ये, मग पुढचं."

"तू पडलीस तर?"

"सकाळपासून अकरा वेळा पडलेय. बाराव्यांदा पडेन."

तो उठला. तिरका घसरत त्यांच्यापर्यंत आला आणि थांबला. मग त्या पुन्हा पाच-सहा हात खाली. "समोसा. मोठा समोसा. हं, थांब." पुन्हा. एक लाल जॅकेटवाला पेट्रोलचा माणूस आला. याची स्ट्रेचरवाली घसरगाडी बोलवायची का, असा विचार त्याच्या तोंडावर स्पष्ट होता. "ऑल गुड?" बापू काही म्हणायच्या आत वहिनी म्हणाल्या, "वी आर फाइन. ही इज लर्निंग." तो हसून गेला. बापू, पंधरा माणसांच्या टीमचा आर्किटेक्ट, मान खाली घालून त्यांच्या स्कीकडे बघत होता. नवऱ्या-बायकोने एकमेकांना शिकवू नये हा माझा सिद्धान्त तिथे जरा डळमळला, पण मी तो अजून सोडलेला नाही.

चाळीस सेकंदांच्या उताराला पस्तीस मिनिटं लागली. शेवटच्या सपाटीवर बापूने वहिनींना ओलांडलं, एक वळण घेतलं (डावीकडे, बेढब, पण वळण) आणि लिफ्टच्या रांगेच्या अलीकडे, जाळी नसलेल्या जागी थांबला. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. पोरगा म्हणाला, "आलं की बे जमून!" आणि बापूने त्याला बेभान शिव्या दिल्या. आम्हाला फार बरं वाटलं.

तीनला बूट परत केले. (दिवसभरातला सगळ्यात मोठा आनंद हाच असतो, जुने जाणतेही हेच सांगतील.) लॉजच्या दारात एक टेबल होतं, पुढच्या हिवाळ्याच्या पासांची विक्री. हे पास मोसम संपता संपता सगळ्यात स्वस्त मिळतात, नंतर भाव चढत जातो. आम्ही दोघं दर वर्षी तिथेच घेतो. मी कार्ड काढलं तेव्हा वहिनी मागे उभ्या होत्या.

"भाऊजी, हे नंतर परत करता येतात का? म्हणजे आपण नसलो इथे तर?"

मी टेबलावरच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, नाही. पैसे परत नाहीत.

वहिनींनी बापूकडे पाहिलं. तो गाडीला टेकून बुटांच्या वळांवरून हात फिरवत होता, फोन खिशात. त्या म्हणाल्या, "दोन द्या." कार्ड त्यांचं स्वतःचं होतं, त्यांच्या पगाराचं.

पासावर फोटो लागतो, म्हणून बापूला हाक मारून आणलं. फोटोत त्याचं तोंड लाल आहे, डोळ्यांभोवती गॉगलचं पांढरं वर्तुळ आहे आणि ओठाला ठेचा लागलेला आहे. दर वर्षी तेच कार्ड पुढच्या मोसमासाठी चालू करून घेतात, नवा फोटो लागत नाही. वहिनी आता निळ्या चौकोनांवर जातात. बापू अजून हिरव्या वर्तुळांवरच आहे आणि वळताना तोंडाने "समोसा" म्हणतो. तिकीट तपासणारी पोरं ते कार्ड बघून दर वेळी एकदा वर त्याच्याकडे बघतात.